दोन वर्षांच्या बाळाचा नव्वदच्या दशकातला वाढदिवस: पताकांपासून नाव घातलेल्या वाटीपर्यंत

नव्वदच्या दशकात मराठी मध्यमवर्गीय घरातला वाढदिवस बाहेरच्या खोलीतच व्हायचा. दिवाण भिंतीला सरकवायचा, टीपॉय आत न्यायचा, छताला क्रेप कागदाच्या पताका लावायच्या. प्लेटमध्ये केकचा तुकडा, मूठभर वेफर्स आणि एक बटाटावडा. शेजारपाजारची मुलं, मामा-मावशी, आजी-आजोबा, आणि दीड-दोन तासांत सगळं आटोपलेलं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला झेपतो तो एवढाच समारंभ. भाड्याच्या हॉलमध्ये, स्पीकरच्या दणदणाटात, शंभर अनोळखी चेहऱ्यांपुढे ते रडवेलं होतं. रोजच्या खोलीत, रोजच्या माणसांत खुलतं. म्हणून ही थीम घेताना नुसती सजावट उचलू नका, त्या वाढदिवसाचा आटोपशीरपणाही उचला.

पुढची सगळी मापं दहा बाय बाराची खोली, आठ मुलं आणि चौदा मोठी माणसं असं धरून दिली आहेत.

आधी साल ठरवा

'नव्वदचं दशक' हे फार मोठं झालं. १९९२ मधलं घर आणि १९९८ मधलं घर एकसारखं नव्हतं. झी टीव्ही ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू झाला, त्याआधी बहुतेक घरांत फक्त दूरदर्शन. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं सामान्य घरात फोन म्हणजे तारेचाच. सगळं एकत्र कालवलं की खोली जुन्या बाजारासारखी दिसते. बाळाचे आई-बाबा स्वतः पाच-सात वर्षांचे होते ते साल धरा. त्यांना तपशील आठवतील आणि बाळाच्या फोटोशेजारी त्यांचा त्याच वयाचा फोटोही ठेवता येईल.

मग आजीकडचे अल्बम काढा. फोटोतल्या माणसांपेक्षा मागची भिंत नीट बघा: पडद्याचं कापड, टीव्हीवरचं क्रोशाचं कव्हर, शोकेसमधल्या बाहुल्या, केकखालचा टेबलक्लॉथ. त्यातल्या चार-पाचच गोष्टी निवडा. रंगही तिथेच सापडतात: राणी रंग, पिवळा, पोपटी, नारिंगी. हल्लीचे फिके गुलाबी-सोनेरी रंग एकदा शिरले की काळ विस्कटतो.

आमंत्रण पोस्टकार्डावर पाठवा. पोस्टात साधं पोस्टकार्ड अजूनही मिळतं. हाताने लिहा, वेळ ठळक घाला, सहा आकडी पिनकोड विसरू नका आणि दहा दिवस आधी पेटीत टाका. पत्र उशिरा पोचू शकतं, म्हणून तीन दिवस आधी प्रत्येकाला फोन कराच. त्याच फोनवर त्यांच्या मुलाला शेंगदाणे, दूध, अंडं किंवा गहू यांतलं काही वर्ज्य आहे का, तेही विचारून घ्या.

पताका

या वाढदिवसाचा चेहरा म्हणजे छताच्या मध्यापासून चारी कोपऱ्यांकडे गेलेल्या पिळाच्या पताका. काम सोपं आहे, पण मापात चूक होते.

दहा बाय बाराच्या खोलीचा कर्ण साधारण साडेपंधरा फुटांचा, म्हणजे मध्यापासून कोपरा पावणेआठ फुटांवर. पीळ दिल्यावर पट्टी आखडते आणि मध्ये थोडा झोळही हवा, म्हणून कोपऱ्याच्या पट्ट्या दहा फुटांच्या धरा. भिंतींच्या मध्यावर जाणाऱ्या चार पट्ट्यांपैकी दोन सात फुटांच्या, दोन आठ फुटांच्या. एकूण सत्तर फूट. दोन रंग एकत्र पिळायचे तर प्रत्येक रंगाचे सत्तर फूट.

क्रेपची घडी उलगडली की साधारण अर्धा मीटर रुंद आणि दोन-अडीच मीटर लांब भरते. ती उलगडायची नाही. घडी तशीच ठेवून अळूवडीची वळी कापतात तशा तिच्या पाच-पाच सेंटिमीटरच्या चकत्या धारदार कात्रीने कापा आणि मग एकेक चकती सोडवा. एका घडीतून दहा पट्ट्या मिळतात. लहान घडी असेल तर जोड धरून प्रत्येक रंगाच्या दोन घड्या आणा. जोडाला डिंक किंवा खळ लावा. खळ पातळ नको, कारण क्रेपचा रंग ओलाव्याने सुटतो आणि भिंतीला, बोटांना, बाळाच्या झबल्याला लागतो. पावसाळ्यातला वाढदिवस असेल तर पताका आदल्या रात्री लावू नका. दमट हवेत क्रेप ताणला जातो आणि सकाळी पताका डोक्याला लागेपर्यंत खाली आलेल्या असतात. चार तास आधी लावा, तासाभराने पुन्हा एकदा ताणून घ्या.

पूर्वी पताकांचं मधलं टोक पंख्याच्या दांड्याला बांधायचे आणि पंखा बंद ठेवायचे. ते आता करू नका. कोणीतरी सवयीने बटण दाबतं आणि सगळ्या पताका पंख्यात गुंडाळल्या जातात. शिवाय बावीस माणसांच्या खोलीत पंखा हवाच. त्याऐवजी समोरासमोरच्या पडद्यांच्या दांड्यांना, पंख्याच्या पात्यांपासून दोन फूट बाजूने, दोन मजबूत दोऱ्या ताणा आणि पताका त्यांच्यापासून भिंतींकडे न्या. वरची मापं मध्यापासूनची आहेत, जास्तीची लांबी कापून टाका. पंखा चालणार असल्यामुळे प्रत्येक टोकाला चिकटपट्टीचे दोन तुकडे लावा आणि आधी पाच मिनिटं पंखा फिरवून पाहा. साध्या सेलोटेपने भिंतीचा रंग निघतो, मास्किंग टेप वापरा. टाचण्या एकही नको. रांगतं-चालतं मूल जमिनीवरची टाचणी तुमच्याआधी शोधतं.

'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' ही अक्षरं त्या काळी थर्माकोलची असत. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे आणि त्याचे कण मुलं तोंडातही घालतात. जाड कार्डशीटवर वीस सेंटिमीटर उंचीची अक्षरं कापली, मागे तीन मिलिमीटरचा पुठ्ठा चिकटवला, की लांबून तीच जाडी दिसते. जोडाक्षरं आणि वेलांट्या सुट्या कापू नका, एका तुकड्यात कापा. नाहीतर ऐन फोटोच्या वेळी 'हार्दिक'चा रफार गळून पडतो.

फुगे, आणि छताचा तो मोठा फुगा

इथे हौसेला आवर घालावा लागतो. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या श्वासनलिकेवर घट्ट बसतो आणि खोकूनही सुटत नाही. फुगे हवेत, पण सहा फुटांच्या वर, पाच-पाचच्या झुबक्यांत, मोजून तीस. कार्यक्रम संपल्यावर पुन्हा मोजायचे. एखादा फुटला तर त्याचे तुकडे लगेच उचलायला एक माणूस ठरवून ठेवा.

रस्त्यावरच्या गॅसच्या फुग्यांत अनेकदा हायड्रोजन असतो. मेणबत्तीजवळ त्याचा भडका उडतो. गॅसचे फुगे आणूच नका. फसफसणारा फेसाचा स्प्रेही नको, त्यातला वायू पेट घेतो आणि केकवर मेणबत्ती जळत असते.

छताला टांगलेला, चॉकलेटं आणि थर्माकोलचे मणी भरलेला मोठा फुगा टाचणीने फोडणं हा त्या काळच्या मोठ्या मुलांचा आवडता क्षण. दोन वर्षांच्या मुलासाठी त्यात चार गोष्टी वाईट आहेत: दचकवणारा आवाज, रबराचे तुकडे, मणी आणि वरून कोसळणारी मुलांची गर्दी. तीच मजा ओढायच्या खोक्यातून मिळते. तो असा करा.

बुटांचं खोकं घ्या. तळाला साधारण १२ बाय १५ सेंटिमीटरचं दार तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवा. दाराच्या मोकळ्या कडेला आठ भोकं पाडून आठ फिती ओवा आणि आतून गाठ मारून वर टेप लावा. मग दार बंद करून मास्किंग टेपच्या दोन सेंटिमीटरच्या एकाच तुकड्याने धरून ठेवा. टेप जास्त लावलात तर मुलं ओढून ओढून खोकंच खाली आणतात, कमी लावलात तर खाऊच्या वजनाने दार आधीच उघडतं. भरलेलं खोकं दहा मिनिटं हातात धरून खात्री करा. फिती साठ सेंटिमीटरच्या. खोकं मोठ्या माणसाने साधारण १४० सेंटिमीटर उंचीवर धरायचं, म्हणजे फितीची टोकं जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटरवर, मुलांच्या हाताच्या टप्प्यात येतात. आत चोवीस वस्तू: प्रत्येक मुलामागे पारले-जीचे दोन छोटे पुडे आणि कापडी चेंडू एक. चेंडू बाळाच्या मुठीपेक्षा मोठा हवा. रावळगाव, पॉपिन्स यांसारख्या गोळ्या फक्त मोठ्यांच्या टेबलावरच्या बरणीत. कडक गोळी पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. खाऊ पडला की खोकं आणि फिती लगेच खोलीबाहेर, कारण लांब फीत गळ्यात अडकू शकते.

पुठ्ठ्याचा टीव्ही आणि पिवळा बूथ

सगळ्या सजावटीत मुलांना खरोखर आवडतो तो पुठ्ठ्याचा टीव्ही, कारण त्यात बसता येतं. वॉशिंग मशीनचं किंवा छोट्या फ्रिजचं खोकं दुकानात मागितलं तर सहसा मिळतं. तेव्हाच्या पडद्याचं प्रमाण चारास तीन असं होतं, म्हणून खिडकी ६० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर उंच कापा. आजच्यासारखी लांबट कापली की तो टीव्ही जुना वाटत नाही. कोपरे वाटी ठेवून गोल करा, आणि कापलेल्या कडांवर कापडी टेप लावा, नाहीतर पुठ्ठा बोटं कापतो. मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा म्हणजे मूल स्वतः आत-बाहेर करेल. बटणं म्हणून बाटलीची झाकणं लावायचा मोह होईल. ती उपटून तोंडात जातात. सात-आठ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या चकत्या चिकटवा. अँटेना तारेचा करू नका, डोळ्यात जाईल, मागच्या भिंतीवर कागदाचा चिकटवा. वर आजीने विणलेलं क्रोशाचं कव्हर पडलं की काम झालं.

शेजारी तेव्हाच्या सार्वजनिक फोनबूथसारखं पिवळ्या कार्डशीटवर काळ्या अक्षरांत 'एसटीडी आयएसडी पीसीओ' लिहा आणि खाली स्टुलावर जुना फोन ठेवा. गोल डायलचा मिळाला तर उत्तम, कारण डायल परत फिरताना होणारी किरकिर मुलांना फार आवडते. भिंतीकडे जाणारी वायर मुळापासून कापा. रिसीव्हरची पिळाची वायर ताणल्यावर तीस सेंटिमीटरपेक्षा लांब होत असेल तर तीही कापा. कॉलर आयडीचा फोन असेल तर बॅटऱ्या काढा.

कॅसेट हाताळायला देऊ नका, फीत बाहेर येते आणि गुंतते. रिकाम्या प्लॅस्टिक कव्हरांचा मात्र छान उपयोग होतो. पुढच्या कागदाची जागा साधारण दहा बाय साडेसहा सेंटिमीटर असते. त्या मापाचे बाळाचे गेल्या वर्षाचे बारा फोटो, महिन्यागणिक एक, छापून आत सरकवा, कण्यावर महिन्याचं नाव लिहा आणि शोकेसमध्ये रांगेने लावा. काही आजी-आजोबा तिथून हलणार नाहीत.

खाणं

बटाटेवडे ३६ धरा, मोठ्यांना दोन-दोन आणि वर आठ. त्यासाठी दोन किलो बटाटे, साधारण चारशे ग्रॅम बेसन. उकडून कुस्करलेल्या बटाट्यातला पाव भाग मिरची-लसणाच्या फोडणीआधीच बाजूला काढा. त्यात मीठ, हळद, थोडं तूप घालून छोट्या चपट्या टिक्क्या तव्यावर परता, त्या मुलांच्या. वडे तळणं पाहुणे येण्याच्या अर्धा तास आधी संपवा आणि स्वयंपाकघराचं दार लावा. गरम तेलाची कढई आणि आठ धावती मुलं एका वेळी घरात नकोत. तळलेले वडे डब्यात झाकले तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात, जाळीवर उघडे ठेवा.

प्लेट त्या काळासारखी मांडा: केक, वडा, वेफर्स, एक पेढा. मुलांच्या प्लेटमध्ये वेफर्स आणि चिवडा नको. शेंगदाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं हे सगळं या वयात घशात अडकणारं. द्राक्ष द्यायचंच तर उभे चार काप. त्यापेक्षा टिक्की, मऊ इडलीचे तुकडे, केळं, राजगिऱ्याचा लाडू चुरून, एवढं पुरे. जेवताना मुलं बसलेलीच हवीत. स्टीलच्या ताटल्या पुरत असतील तर त्याच काढा, त्या कागदी प्लेटपेक्षा त्या काळाच्या जास्त जवळच्या आहेत आणि कलंडतही नाहीत.

पेय म्हणून मोठ्यांना संत्र्याचा रसना. एका पाकिटात बत्तीस ग्लास ही त्याची जुनी ख्याती, पण ते ग्लास छोटे. मोठ्या पेल्याने चौदा माणसांना एक पाकीट बरोबर पुरतं. साखरेचं पाणी आदल्या रात्री करून गार ठेवा. मुलांना साधं पाणी किंवा शहाळं. दोन वर्षांखालच्या मुलाला वरून साखर घातलेलं काही न देणं चांगलं.

केक हा स्वतंत्र विषय आहे. त्या काळचा केक बटर क्रीमचा: गुलाबी फुलं, हिरवी पानं, कडेला शिंपल्याची नक्षी. आज बेकरीत काही न सांगता ऑर्डर दिली तर व्हिप्ड क्रीमचा येतो. पाच दिवस आधी जाऊन 'बटर क्रीम, अननस, वर फुलं' असं सांगा आणि फोटो दाखवा. दीड किलो बावीस जणांना पुरतो. बटर क्रीम फ्रिजमध्ये दगडासारखं होतं, म्हणून कापण्याआधी पाऊण तास बाहेर काढा. एप्रिल-मेमध्ये वीस मिनिटं पुरे. वरच्या लाल 'चेरी' बहुतेकदा साखरेत पाकवलेली करवंदं असतात. ती आणि चांदीचे कडक गोळे मुलांना वाढण्याआधी काढून टाका. मेणबत्त्या दोन, साध्या. ठिणग्या उडवणारी मेणबत्ती नको.

केकच्या टेबलावर झालरीचा टेबलक्लॉथ खाली लोंबता ठेवलात तर मूल तो ओढणार आणि केक त्याच्या अंगावर येणार. कडा आत दुमडून टेबलाखाली टेपने चिकटवा.

त्या दिवशीची वेळ

दुपारची झोप झाल्यावरच. बाळ अडीचला झोपून साडेचारला उठत असेल तर पाहुण्यांना पाच सांगा. नव्वदच्या दशकात 'सगळे येऊ देत' म्हणत केक साडेसातपर्यंत थांबायचा आणि उत्सवमूर्ती झोपलेली असायची. ती एवढी एक गोष्ट तशीच करू नका.

५:०० ते ५:२० मुलं टीव्ही आणि फोनशी खेळतील. ५:२० ला औक्षण. बाळ आजीच्या किंवा आईच्या मांडीवर पूर्वेकडे तोंड करून. निरांजन हातभर लांबूनच ओवाळा आणि बाळाचे हात मांडीवर घेणाऱ्याने धरून ठेवा, ज्योत दिसली की ते झेपावतंच. तबकातली सुपारी आणि अंगठी ओवाळून झाल्याक्षणी उचलून वर ठेवा. घरातल्या सगळ्यांचं लक्ष फोटोकडे असतं तेव्हाच सुपारी तोंडात जाते.

५:३० ला केक. टाळ्या हळू, गाणं हळू. एकदम जल्लोष झाला की बरीच मुलं दचकतात. ५:४० ते ६:१० खाणं. ६:१० ला ओढायचा खोका, त्यानंतर ओढणी धरून खोलीभर आगगाडी आणि बडबडगीतं. संगीत खुर्ची या वयात नको: बाद होणं म्हणजे काय ते मुलांना कळत नाही, खुर्ची हिसकावली एवढंच कळतं. आवाज इतपतच की बोलताना आवाज चढवावा लागणार नाही. ६:३० ला निरोप.

या सगळ्या वेळात एका मोठ्या माणसाकडे फक्त जमिनीकडे आणि मुलांच्या तोंडाकडे बघण्याचं काम द्या, अर्ध्या-अर्ध्या तासाने पाळी बदला. घास अडकून मुलाला खोकता-रडता येत नसेल तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापट्या. नाही सुटला तर, मूल वर्षापेक्षा मोठं असल्यास, मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा. ज्यांना हे येतं त्यांनाच ही पाळी द्या.

कपड्यांचं थोडक्यात: जाळीचा फ्रॉक टोचतो, आत सुती अस्तर हवंच. शंकूच्या टोपीचं इलॅस्टिक हनुवटीखाली चटका देतं, म्हणून टोप्या मोठ्यांनी घालाव्यात.

फोटोंसाठी एक जुना नियम पाळून बघा. एका रोलमध्ये छत्तीस फोटो असत. एका माणसाने छत्तीसच काढायचे, बाकीच्यांनी फोन खिशात ठेवायचे. औक्षणाला चार, केकला सहा, टीव्हीत बसलेल्या प्रत्येक मुलाचा एक, आजी-आजोबांचे चार, उरलेले हातचे. मग ते चार बाय सहाच्या कागदावर छापून प्लॅस्टिकच्या खिशांच्या अल्बममध्ये घाला.

जाताना काय द्यायचं

पेन्सिली, वासाचं खोडरबर, कंपासपेटी ही तेव्हाची भेट शाळकरी मुलांसाठी होती. वासाचं खोडरबर दोन वर्षांचं मूल खातं. त्याऐवजी स्टीलची छोटी वाटी द्या आणि तिच्यावर नाव घालून घ्या. त्या काळी आपल्या घरात येणाऱ्या प्रत्येक भांड्यावर नाव आणि तारीख कोरलेली असायची. भांड्यांच्या बऱ्याच दुकानांत ते यंत्र अजून आहे. दहा दिवस आधी जा, नावांची यादी सुवाच्य अक्षरात लिहून न्या. कोरणारा लिहिलेलं तसंच उतरवतो, ऱ्हस्व-दीर्घासकट. वाटी सपाट बुडाची, काठ आत वळवलेली घ्या आणि काठावरून बोट फिरवून बघा, खरखरीत लागली तर बदलून घ्या. मजकूर छोटा ठेवा: वाटी ज्याला द्यायची त्याचं नाव, खाली तारीख. नाव बुडाखाली न घालता बाहेरच्या बाजूला काठाजवळ घाला, म्हणजे उद्या सकाळी त्याच वाटीत दूध-पोळी खाताना ते त्याला दिसेल.